वाकड्या पाळीची सगुणी

बोरपाळीच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, वाकडी आहे. पूर्वेच्या टेकडीपासून ती सरळ सुटते, मध्यावर आली की एकदम पाण्यात शिरते, साजाच्या झाडांच्या एका राईला पाठीशी घालते आणि पुन्हा बाहेर येऊन पश्चिमेच्या काळ्या खडकाला भिडते. इथे उभा राहणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ही अशी का? सरळ बांधली असती तर मेहनत अर्धी लागली असती.

गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते सांगतील, देवीने सून मागितली, पाटलाने सून दिली, पाळ टिकली. सांगताना हात जोडतील, डोळेही पुसतील. त्यांचं ऐकू नका. सून गाडून पाळ टिकली असती तर ती सरळच राहिली असती, वाकडी कशाला झाली असती? एवढी साधी शंका त्यांना आजवर आलेली नाही. मी सांगतो ती गोष्ट बायकांची आहे. धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलात वाकून त्या ती सांगतात, कोहळ्यांच्या बायकाही आणि गोंडांच्या बायकाही.

असे सांगतात, की तेव्हा हा सगळा मुलूख गोंड राजाचा होता. राजाचा शब्द होता, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन. तो शब्द ऐकून डोमा पाटील नावाचा कोहळी आपला गोतावळा घेऊन इथे आला. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी जात. बाकीच्यांना जमिनीवर झाडं दिसतात, दगड दिसतात. कोहळ्याला तिथे अजून न साचलेलं पाणी दिसतं. डोमाने टेकडीवरून खाली बघितलं. दोन टेकड्या, मधून नाला. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत एक सरळ रेघ मारली की तलाव झाला. तो म्हणे तिथेच हसला.

रेघेच्या बरोबर मध्यावर साजाची राई होती आणि ती गोंडांची होती. साजात त्यांचा पेन राहतो. पेन म्हणजे देव. मूर्ती नाही, कळस नाही, घंटा नाही. झाड आणि झाडाखालची भुई, एवढंच.

त्यांचा पुजारी, म्हणजे भुमका, होता कारू मडावी. डोमा त्याच्या अंगणात रीतीने जाऊन बसला, दिलेली मोहाची दारू प्याला आणि म्हणाला, "राई तोडाले लागंल जी. तुमच्या देवाले आमी टेकडीवर चबुतरा बांधून देतो. मूर्ती घडवून देतो. देवाचं का हाये, उचलला आन् ठेवला."

"तुमचा देव उठते," कारू म्हणाला. "आमचा नाही उठत. ती भुई जित्ती हाये. तिच्यावर माती नोको टाकू, फेकून देईल."

डोमाला वाटलं, म्हातारा देवाधर्माचं बोलतो आहे. तो नमस्कार करून उठला. कारूनेही दुसरं वाक्य बोलायची तसदी घेतली नाही. त्या राईखाली झरा होता, आणि भर उन्हाळ्यातही तिथली भुई पायाखाली हलत होती. कारूच्या लेखी झरा म्हणजेच पेनाचा श्वास, मग तो वेगळं काय सांगणार? आणि पाण्यातलं सगळं कळणाऱ्या डोमाने एकदा खाली वाकून हात लावला असता, तर त्यालाही कळलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत ती सरळ रेघ बसली होती. दोघेही जाणते, दोघेही ताठ. असे दोन म्हातारे भिडले की मरायची पाळी तिसऱ्यावर येते.

राईतली अर्धी झाडं पडली, पाळ उभी राहिली. पावसाळ्यात ती मध्यावर फुटली. पुढच्या वर्षी आणखी रुंद बांधली, तिथेच फुटली. त्याच्या पुढच्या वर्षी फुटली तेव्हा खालचं उभं धान वाहून गेलं, आणि खिंडार बुजवायला धावलेला डोमाचा थोरला मुलगाही. राजाचा माणूस येऊन बजावून गेला, आणखी एक पावसाळा बघतो, नाही तर तुम्ही तुमची वाट धरा.

मग कोहळ्यांची बैठक बसली. चूक कुठे झाली हे बघायला राईत एकही जण गेला नाही. बसल्या जागी ठरलं, की पाळ बळी मागते. कोणाचा? ठरवणाऱ्यांपैकी कोणाचा नाही, हे तर उघडच होतं. डोमाची थोरली सून सगुणी नुकतीच विधवा झालेली, पोरबाळ नाही, माहेर लांब. एकमत व्हायला कितीसा वेळ लागतो?

डोमाला हे सुनेला सांगायला जाववेना. तेव्हा त्याचा थोरला भाऊ बुधा, ज्याने पाळीवर कधी मातीची एक टोपली टाकली नव्हती, तो सगुणीकडे आला. ती धान पाखडत होती.

"बाई, तुझं भाग्य थोर हाये," बुधा म्हणाला आणि बैठकीत ठरलेलं सांगितलं.

"एवढं थोर हाये तं मामाजी, तुमीच घ्या नं."

बुधाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "देवीच्या वाटेवर जाते तिची एक इच्छा मोडत नाहीत. रीतच हाये तशी. बोल, का पायजे? नवं लुगडं? गोडधोड?"

सगुणीने सूप खाली ठेवलं. "सांगीन. पण साऱ्यांसमोर सांगीन."

ती दर उन्हाळ्यात गोंडांच्या बायकांबरोबर त्याच राईतल्या झऱ्यावर पाणी भरत होती. कोहळ्यांच्या घरात हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलंही नव्हतं. आणि आता सांगून कोणी ऐकणार नव्हतं.

ठरल्या दिवशी सगळे पूर्वेच्या टेकडीपाशी जमले. फावडी, टोपल्या, ताशेवाले. गोंडही दूर येऊन उभे राहिले. डोमाने मातीवर हात ठेवून शपथ घेतली, की सून मागेल ते मिळेल.

सगुणी म्हणाली, "मी पुढं चालीन. माझ्या मांगं तुमी माती टाकाल. जेथं माझं पाऊल, तेथं पाळ. मी जेथं थांबीन, तेथं मले गाडा."

"सरळ चालजो मात्र!" बुधा ओरडला.

"तुमी चालता का पुढं?"

बायका तशाही वेळी हसल्या.

ती निघाली. मागे माती पडत गेली. राईजवळ आल्यावर तिचं पाऊल घोट्यापर्यंत रुतलं. लोकांना वाटलं, आता थांबते. ती वळली. पायाने चाचपत, कडक मुरुम लागेल तशी नाल्याच्या वरच्या अंगाला चालू लागली, राईला वळसा घालत.

"ही कोठं चालली?" बुधा कुजबुजला.

डोमा खाली वाकला होता. राईजवळच्या तिच्या पावलांत पाणी भरत होतं. पुढची पावलं कोरडी होती. शेवटी कोहळीच तो. त्याला सगळं कळलं, मुलगा कशाने गेला तेही कळलं.

"दादा," तो म्हणाला, "टोपली घे."

तिकडे कारूने डोक्याचं फडकं सोडलं, त्यात माती भरली आणि तो आपल्या माणसांसकट त्या वळणावर टाकू लागला.

सगुणी वळसा घालून बाहेर आली, थेट पश्चिमेच्या टेकडीखालच्या काळ्या खडकापर्यंत गेली, त्याच्यावर चढली आणि बसली.

"थांबले मी," ती म्हणाली. "खणा आता."

पहार मारली तर ठिणगी उडेल, खड्डा पडणार नाही, असा तो खडक. बुधा म्हणाला, जरा खाली सरक. ती म्हणाली, "इच्छा मोडता का माझी?" मातीवर हात ठेवून घेतलेली शपथ कोहळ्याला मोडता येत नाही. फावडी हळूहळू खाली गेली.

डोमाने माफी मागितली नाही. तसली माणसं मागत नाहीत. तो खडकाखाली उभा राहिला आणि त्याने विचारलं, "पाळ केवढी रुंद ठेवू, बाई?"

तिने सांगितलं तेवढी ठेवली. त्या पावसाळ्यात तलाव भरला आणि पाळ हलली नाही, कारण पाणी त्या वळणाला जेवढं रेटतं तेवढी ती घट्ट बसते. जमीन मिळाली. राई कोरड्या अंगाला राहिली, तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले आणि कारूचा पेन कुठे उठून गेला नाही. सगुणी म्हणे म्हातारी होऊन मेली. गोष्ट नंतर म्हाताऱ्यांनी बदलली. जिवंत सून शहाणपण शिकवते, तिच्यापेक्षा मेलेली सून पुजायला सोपी.

पण रीत बदलायची त्यांची हिंमत झाली नाही. आजही मृगाच्या आधी गावातली एक सून अनवाणी पाळीवरून चालते आणि मागून कोहळी आणि गोंड माती टाकत जातात. ती खडकावर चढून बसते. खाली उभे राहून त्याच म्हाताऱ्यांना तिला विचारावं लागतं, यंदा पाळ केवढी ठेवायची. मध्यंतरी एकाने पाळ सरळ करून वरून डांबरी रस्ता न्यायचं त्या गर्दीत सुचवून बघितलं. खडकावरच्या पोरीने त्याला पाळीवर बोट दाखवून सांगितलं, "चपला काढा आन् चाला पुढं." तो घरी गेला. पाळ तुमच्या समोर आहे.