बेडकीची नाव आणि बेडकीचं नाव

एक होतं शहर. केवढं? खूप मोठ्ठं. इतकं मोठ्ठं, की या टोकाचा ढग त्या टोकाला पोचेस्तोवर दमायचा. मग बसायचा तिथंच गळत.

त्या शहरात एक गल्ली. गल्लीत एक नळ. नळाखाली एक वीट. विटेखाली राहायची एक बेडकी.

बेडकी एवढीशी. चिंचोक्याएवढी. तिला नाव नव्हतं. बेडकांत कुठं बारसं असतं? बेडकी म्हणजे बेडकी.

एक दिवस पाऊस लागला. रिप रिप, रिप रिप. सकाळपासून तेच.

मोठ्या शहरात पाऊस लागला की ज्याला त्याला काही ना काही सुचतं. कुणी चादर ओढून पडतं. कुणी चहा ठेवतं. कुणी कॅरम काढतं. कुणी नुसतंच खिडकीत बसतं नि लोकांच्या छत्र्या बघतं.

बेडकीला काय सुचावं?

गल्लीतून पाणी चाललं होतं. खळखळ, खळखळ. पाण्यावरून आली एक नाव. कागदाची नाव. कॅलेंडरच्या पानाची. तिच्या पोटावर लाल लाल रविवार.

बेडकी म्हणाली, "रोज पोहते. आज नावेत बसते."

एक पाय उचलला. दुसरा पाय उचलला. तेवढ्यात घुर्रर्र, घुर्रर्र. रिक्षा आली. कडेला लागली. आणि चाक थांबलं ते नेमकं नावेच्या टोकावर.

नाव अडकली.

बेडकीनं ओढली. निघेना. ढकलली. निघेना.

बेडकीनं वर बघितलं. पाऊस आहे. पण पावसाचं काय, आत्ता आहे, मग नाही. पाऊस थांबला की पाणी जाळीत. जाळीतून गटारात. मग नाव सुटून तरी काय उपयोग?

बेडकी निघाली. टुण पचाक, टुण पचाक.

आली रिक्षापाशी.

"रिक्षाताई, रिक्षाताई, मागं हो ना."

रिक्षा म्हणाली, "कोण गं तू? नाव काय तुझं?"

"नाव अडकली."

"अडकली? असेल बाई. तर अडकलीबाई, मी आपली आपण हलत नाही. रिक्षावाला उठला तर हलेन. नाही उठला तर नाही."

बेडकी निघाली. टुण पचाक, टुण पचाक.

रिक्षावाला हिरूमामा मागच्या सीटवर आडवा झाला होता. दोन्हीकडचे पडदे सोडलेले. पोटावर टोपी. घोर्र, फूस. घोर्र, फूस.

"हिरूमामा, हिरूमामा, उठ ना."

हिरूमामा म्हणाला, "कोण गं तू? नाव काय तुझं?"

"नाव अडकली."

"बरं, अडकलीबाई. काय झालं?"

"रिक्षा हलेना,
माझी नाव सुटेना."

हिरूमामा म्हणाला, "अशा पावसात चहाशिवाय कोण उठतं? चहा आला तर उठीन. नाही आला तर नाही." आणि टोपी तोंडावर घेतली.

बेडकी निघाली. टुण पचाक, टुण पचाक.

चहावाली शेवंतामावशी छपराखाली बसली होती. स्टोव्ह पेटलेला. पातेल्यात पाणी. पाणी आपलं गप्प.

"शेवंतामावशी, शेवंतामावशी, चहा उकळ ना."

शेवंतामावशी म्हणाली, "कोण गं तू? नाव काय तुझं?"

"नाव अडकली."

"अडकली. हे कसलं मेलं नाव. बोल, अडकलीबाई."

"रिक्षावाला उठेना,
रिक्षा हलेना,
माझी नाव सुटेना."

शेवंतामावशी म्हणाली, "पावसाचा चहा, आणि आल्याशिवाय? आलं आलं तर उकळीन. नाही आलं तर नाही."

"काय आलं तर?"

"आलं."

"आलं?"

"नाही गं आलं. आलं आलं तर."

बेडकीला नीटसं कळलं नाही. पण आलं भाजीवालीकडं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. बेडकी निघाली. टुण पचाक, टुण पचाक.

पाऊस जरा बारीक झाला. रिप… रिप.

भाजीवाली ठकूबाई निळ्या प्लास्टिकखाली बसली होती. पुढ्यात टोपली. टोपलीवर गोणपाट. गोणपाटावर बोका.

"ठकूबाई, ठकूबाई, आलं दे ना."

ठकूबाई म्हणाली, "कोण गं तू? नाव काय तुझं?"

"नाव अडकली."

"आईबापांना दुसरं सुचलं नाही वाटतं. सांग, अडकलीबाई."

"चहा उकळेना,
रिक्षावाला उठेना,
रिक्षा हलेना,
माझी नाव सुटेना."

ठकूबाई म्हणाली, "आलं आहे टोपलीत. टोपलीवर बोका. झोपलेल्या बोक्याला मी हात लावायची नाही, ओरबाडतो. बोका हटला तर देईन. नाही हटला तर नाही."

बेडकी वळली बोक्याकडं. लांब नाही, हातावर. एकच टुण, एकच पचाक.

"बोकोबा, बोकोबा, हट ना."

बोकोबानं एक डोळा उघडला. अर्धाच. "कोण गं तू? नाव काय तुझं?"

"नाव अडकली."

"माझ्यापुढं सगळेच अडकतात. बोल, अडकलीबाई."

"आलं येईना,
चहा उकळेना,
रिक्षावाला उठेना,
रिक्षा हलेना,
माझी नाव सुटेना."

बोकोबा म्हणाला, "ऊन पडलं तर हटेन."

"ऊन नको रे बोकोबा. ऊन पडलं की पाणी जातं."

"मग सुक्या बोंबलाचा वास आला तर हटेन. नाही आला तर नाही." आणि अर्धा डोळा मिटला.

बेडकी निघाली. टुण पचाक, टुण पचाक.

पाऊस आणखी बारीक झाला. टिप… टिप.

गल्लीला लागून एक घर. घराला एक खिडकी. खिडकीत स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात रेवाची आई. ओट्यावर तवा, तव्याशेजारी डबा, डब्यात सुके बोंबील. बेडकी खिडकीच्या कट्ट्यावर चढली.

"रेवाची आई, रेवाची आई, बोंबील भाज ना."

रेवाची आई म्हणाली, "कोण गं तू? नाव काय तुझं?"

"नाव अडकली."

"मी पण अडकलेय बघ. सांग, अडकलीबाई."

"बोका हटेना,
आलं येईना,
चहा उकळेना,
रिक्षावाला उठेना,
रिक्षा हलेना,
माझी नाव सुटेना."

रेवाची आई म्हणाली, "हिच्याकडं बघ जरा. मघापासून माझा गाऊन धरून रडतेय. हिला घेऊन तव्याशी उभी राहू? पोरीनं सोडलं तर भाजीन. नाही सोडलं तर नाही."

बेडकीनं खाली बघितलं. आईच्या गाऊनला लटकलेली एक पोरगी. डोळे लाल. नाक लाल. हीच रेवा.

"रेवा, रेवा, सोड ना."

रेवानं काही विचारलं नाही. ती नुसती रडली. हूं हूं हूं.

बेडकी तिला आपणहून सांगायला लागली.

"आई भाजेना,
बोका हटेना,
आलं येईना,
चहा उकळेना,
रिक्षावाला उठेना,
रिक्षा हलेना,
माझी नाव सुटेना."

रेवा म्हणाली, "माझी नाव आली तर सोडीन. नाही आली तर नाही."

"तुझी नाव?"

"कागदाची. गल्लीच्या वरच्या टोकाला मी सोडली आणि ती गेली."

"पोटावर लाल रविवार?"

"हो."

बेडकीनं डोकं खाजवलं.

आता झाली का पंचाईत? रेवा सोडेल तर नाव सुटेल. नाव सुटेल तर रेवा सोडेल. पहिलं कुणी सोडायचं?

बाहेर पाऊस थेंबावर आला. ठिब. मग बराच वेळ काही नाही. मग ठिब.

बेडकी म्हणाली, "तुझी नाव गेली नाही. इथंच आहे."

"कुठं?"

"ती काय. हिरूमामाच्या रिक्षाखाली."

"मला दिसत नाही."

"तिथनं कशी दिसेल? खिडकीत ये."

रेवा धावली. धड धड धड. खिडकीत चढली. गजांना नाक लावलं. आणि गाऊन? गाऊन केव्हाच सुटला. तिच्या ध्यानातसुद्धा नाही.

पोरीनं सोडलं.

आईनं तवा ठेवला. तव्यावर बोंबील. चट चट, चट चट. वास सुटला. वास खिडकीतून निघाला, गल्लीतून चालला, टोपलीपाशी पोचला.

बोकोबाचं नाक हललं. सूं सूं. एक डोळा उघडला. दुसरा उघडला. शेपूट उभी. बोका हटला.

ठकूबाईनं गोणपाट उचललं. टोपलीत हात घातला.

"शेवंते, आलं घे गं."

"आलं का आलं?"

"आलं आलं."

"काय गं?"

"अगं, आलं आलं."

आलं ठेचलं. ठक ठक, ठक ठक. चहा उकळला. रट रट, रट रट.

हिरूमामा उठला. फुर्र फुर्र चहा प्याला. टोपी डोक्यावर घातली. रिक्षा सुरू केली. घुर्रर्र, घुर्रर्र. रिक्षा मागं हलली.

आणि नाव सुटली.

बेडकी आली. टुण पचाक, टुण पचाक, टुण पचाक.

पाऊस थांबला होता. गल्लीत पाणी उरलं होतं एवढंसंच. बोटभर. तेही निघालं होतं जाळीकडं. गुळुक गुळुक, गुळुक गुळुक.

बेडकीनं उडी मारली. टुण.

या खेपेला पचाक झालं नाही. ती नावेत बसली होती.

नाव निघाली. रिक्षाच्या बाजूनं निघाली. चहाच्या समोरून गेली.

ठकूबाई म्हणाली, "ती बघ, अडकलीबाई चालली."

शेवंतामावशी म्हणाली, "आता कुठली अडकली? सुटली की."

बोकोबा काही म्हणाला नाही. त्याच्या तोंडात बोंबील होता.

नाव खिडकीखाली आली. रेवानं गजांतून हात हलवला. बेडकीनं पाय हलवला. पुढं जाळी. जाळीशी नाव टेकली. पाणी गुळुक करून खाली गेलं. संपलं.

एकच फेरी झाली. पण झाली.

ऊन पडलं. रेवा बाहेर आली. तिनं नाव उचलली, पाणी झटकलं.

"ही माझी नाव."

"तुझीच आहे," बेडकी म्हणाली.

"आणि तुझं नाव?"

बेडकीनं या वेळी नीट ऐकलं. मग म्हणाली, "मला नाव नाही."

रेवानं विचार केला. बेडकी तोवर कशाला थांबते? तिनं कट्ट्यावर उडी मारली. कट्टा कोरडा. पचाक नाही. नुसतंच टुण.

"टुणी," रेवा म्हणाली. "तुझं नाव टुणी. आणि नाव दोघींची."

आईनं आतून विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

"टुणीशी."

झालं बारसं. ना पाळणा, ना घुगऱ्या.

नाव खिडकीत वाळत ठेवली. लाल रविवार वरच्या बाजूला. पुन्हा पाऊस लागेल तेव्हा पुन्हा सोडायची. आधी टुणीला बसवायचं, मग सोडायची.

आता गल्लीत सगळे तिला टुणी म्हणतात. हिरूमामा तेवढा अजून अडकलीबाईच म्हणतो. त्याला कोण सांगणार? तो पुन्हा आडवा झालाय. घोर्र, फूस. घोर्र, फूस.

बेडकीला नाव मिळाली.
बेडकीला नाव मिळालं.
नाव लागली काठाला,
गोष्ट लागली उशाला.