राजाच्या पोटात गेलेली ठकू

एक होता राजा. त्याच्या राज्यात एक भलतीच रीत होती, बरं का. जो न चावता जास्त मोदक गिळेल, तो खरा शूर! हसताय काय? तुम्ही तरी कुठे चावून खाता?

त्या राजाचा आचारी होता नारोबा. आणि नारोबाची लेक ठकू. बापाच्या हातच्या चवीचा तिला केवढा अभिमान!

एकदा काय झालं, पंगत बसली. राजाने एकवीस मोदक गटागट गिळले. सगळ्यांनी जयजयकार केला. आणि मग राजाच्या पोटात असं दुखायला लागलं, असं दुखायला लागलं, की राजा गडाबडा लोळायलाच लागला.

"नारोबाने विष घातलं!" तो ओरडला. "दिवस मावळायच्या आत दुसरं कारण सापडलं नाही, तर याला राज्याबाहेर हाकला!"

नारोबा मान खाली घालून बसला. ठकूला ते बघवेना. ती म्हणाली, "माझ्या बाबांच्या हातून असं होणारच नाही. मी स्वतः राजाच्या पोटात जाऊन बघून येते."

मग ती पळत तळ्यावर गेली. तिथल्या जलदेवीने तिची हकीकत ऐकून तिला एक जादूचा तीळ दिला. राजवाड्यात येऊन ठकूने तो तोंडात टाकला मात्र, ती तिळाएवढी झाली! मग टुणकन राजाच्या ताकाच्या वाटीत उडी. राजाने ताक पिताच सुर्रकन आत!

घशाखालच्या नळीने तिला ढकलत ढकलत खाली नेलं. पाहते तर काय, एक मोठी थोरली पिशवी! आई कणीक तिंबते ना, तशा तिच्या भिंती हलताहेत. सगळीकडून आंबट रस पाझरतोय.

"अगं पोरी, विरघळशील!" एक म्हातारा धावत आला. तो जठरबा, पोटाचा कारभारी. त्याने भिंतीवरचा बुळबुळीत लेप घेऊन तिच्या अंगाला फासला. "या रसात अन्न विरघळतं. माझ्या भिंती नाही विरघळत, कारण हा लेप. तो सारखा ताजा ठेवतो मी!" म्हातारा छाती काढून सांगत होता.

मग त्याने तिला सगळं दाखवलं. भिंती अन्न घुसळतात. रस ते मऊ करतो. पेजेसारखं पातळ झालं, की खालचं दार किलकिलं होतं आणि थोडं थोडं आतड्यात जातं. तिथे त्याचा कस रक्तात उतरतो. "तीन-चार तास लागतात. इथे घाई चालत नाही!"

"मग राजाचं का दुखतंय, आजोबा?"

जठरबाने कोपऱ्यात बोट दाखवलं. एकवीसच्या एकवीस मोदक, अख्खेच्या अख्खे! "मोदक झकास आहेत गं. पण मला दात कुठे आहेत? चावायचं काम वरच्यांचं. आता मी एकटा किती घुसळू?"

मग त्याने वरचं दार उघडलं. राजाला पहिला ढेकर आला, ठकू घशापर्यंत पोचली. दुसरा आला, जिभेवर. तिसरा आला, आणि ठकू थेट दरबारात! वारं लागताच होती तेवढी मोठी झाली.

"महाराज, विषबीष काही नाही," ती ठणकावून म्हणाली. "मोदक आत अख्खे पडलेत. एकाचीही कळी मोडलेली नाही. चूक बाबांच्या हाताची नाही, तुमच्या दातांची आहे!"

राजाने पोट चाचपलं, लाजून लाल झाला. मग उठला आणि नारोबापुढे हात जोडून म्हणाला, "चुकलो मी." ती रीत त्याने तिथेच मोडली.

पोट बरं झाल्यावर पुन्हा पंगत बसली. राजाने नारोबाला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं. नारोबा जेवायचंच विसरला. "ही माझी लेक हो," एवढंच तो ज्याला त्याला सांगत राहिला.

मग सगळे चावून चावून जेवले नि सुखाने राहिले. चला, घ्या पांघरुणं. तुमचा जठरबा अजून राबतोय. त्याला त्याचं काम करू द्या, तुम्ही झोपा.