दरबारभर सटवाजी

"रंगपंचमीला सोंग घेऊन दरबारात ये! दिवे लागेपर्यंत मी तुला ओळखलं नाही, तर मागशील ती बिदागी देईन. पण ओळखलं, तर माझ्या संस्थानात यापुढे एकाही बहुरूप्यानं सोंग आणायचं नाही!"

भुजंगराव महाराजांचा हा हुकूम ऐकून सटवाजी बहुरूपी घरी आला आणि चुलीपाशी बसला. सोंग बंद म्हणजे चूल बंद. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

महाराज चिडले होते, त्याला कारणही तसंच होतं. ऐन शिमग्यात सटवाजी महाराजांच्या सासूबाईंचं सोंग घेऊन मेण्यातून थेट राजवाड्यात उतरला होता. महाराज धावत जाऊन पाया पडले. सासूबाईंनी त्यांच्या पोटाकडे बघून कपाळाला हात लावला आणि आचाऱ्याला फर्मावलं, "जावईबापूंना आजपासून मुगाचं पाणी!" राणीसाहेबांनी सोंग ओळखलं होतं, पण महाराजांचं पोट बघून त्याही गप्प राहिल्या. दोन दिवस महाराज मुगाचं पाणी प्यायले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी नथ काढली आणि जाड्याभरड्या आवाजात हात पसरला, "बहुरूपी आलाय सरकार, बिदागी द्यावी!"

बहुरूप्याची रीतच ती. सोंग वठलं, की आपणच उतरवायचं आणि बिदागी मागायची. सगळा वाडा हसून हसून लोळला. महाराज तेवढे हसले नाहीत, त्यांना भूक लागली होती.

"आता काय करू गं म्हाळसा?" सटवाजी लेकीला म्हणाला. "महाराज म्हणत्यात, येईल त्याची दाढी ओढीन, तोंड धुवायला लावीन. अशात कुठलं सोंग टिकणार?"

म्हाळसा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली. "आबा, तुम्ही येणार याची महाराजांना खात्री हाय?"

"म्हणजे काय! बहुरूपी बोलावल्या दिवशी आला न्हाई, असं कधी झालंय?"

"मग झालं तर! रंगपंचमीला तुम्ही घरीच वाकळ पांघरून झोपा. सोंगाचं मी बघते."

रंगपंचमी उजाडली. सगळी दुनिया तोंडं रंगवत होती आणि दरबारात मात्र तोंडं धुवायचा हुकूम होता! म्हाळसा बघ्यांमध्ये पायरीवर जाऊन बसली.

पहिले आले राजपुरोहित. महाराजांनी त्यांची शेंडी धरून हिसका दिला.

"अगं आई गं!" पुरोहित कळवळले.

"वा सटवाजी! काय झकास ओरडतोस! बांधा रे याला खांबाला!"

मग दिवाण त्रिंबकपंत आले. महाराज त्यांच्या मिशीला लोंबकळलेच. मिशी काही निघेना.

"खळ पक्की लावलीस हं!"

"सरकार, मी त्रिंबकपंत! आपला दिवाण!"

"सटवाजीसुद्धा हेच म्हणाला असता! बांधा!"

हे बघून सेनापती गप्पच उभे राहिले. "आवाज ओळखू येईल म्हणून घाबरतोस काय?" म्हणून त्यांनाही बांधलं. महाराजांच्या सख्ख्या मेहुण्याला शिकेकाईनं घासून काढलं. चेहरा तोच राहिला, तेव्हा महाराजांचा संशय आणखी बळावला. दुपारी त्यांची नजर अंगणात गेली.

"हा हत्ती आज इतका शांत कसा?"

"झोपलाय सरकार," माहूत म्हणाला.

"झोपलाय, का झोपेचं सोंग घेतलंय?" महाराजांनी जाऊन हत्तीची शेपटी ओढली. हत्तीनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

म्हाळसाला बिचाऱ्या पुरोहितांची फार दया येत होती, पण ती जागची हलली नाही. संध्याकाळपर्यंत दरबारात बांधायला खांब उरला नाही. सिंहासनावर एकटे पडलेले महाराज सगळीकडे संशयानं बघत होते. शेवटी त्यांनी हळूच स्वतःची मिशीही ओढून पाहिली!

दिवे लागले. महाराज ओरडले, "सटवाजी, झालं! आता रीतीप्रमाणे सोंग उतरव!"

बांधलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कुणी पुढे येईना. आता महाराज भडकले, तर साऱ्या बहुरूप्यांच्या चुली विझणार! म्हाळसा पायरीवरून उठली आणि तिनं हात पसरला.

"बहुरूपी आलाय सरकार, बिदागी द्यावी!"

"तू कोण?"

"सटवाजीची लेक, म्हाळसा."

"तुझा बाप यांतला कुठला?"

"आबा सकाळधरनं घरी वाकळ पांघरून झोपल्यात."

"म्हणजे आलाच नाही? मग हरला! सोंगं बंद!"

"आलं न्हाईत कसं? सकाळी आपण शेंडीला धरून कुणाला पकडलं?"

"सटवाजीला!"

"आन् मिशीला धरून?"

"सटवाजीला!"

"आन् हत्तीच्या शेपटीला?"

महाराज जमिनीकडे बघत पुटपुटले, "सटवाजीलाच."

"आजवर आबांनी दिवाणजींचं सोंग आणलं. आज दिवाणजींनी आबांचं आणलं! साऱ्या दरबारानं, हत्तीनं पण आणलं! दिवसभर डोळ्यांसमोर सोंगं नाचली, आन् सरकारांनी एकालाबी ओळखलं न्हाई!"

महाराज डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिले. मग सिंहासनावरून उतरले आणि तिच्या वेणीकडे हात नेत म्हणाले, "थांब! तू खरंच म्हाळसा आहेस, का सटवाजी?"

म्हाळसानं डोक्यावरचा पदर सारखा केला, महाराजांच्या पोटाकडे बघून कपाळाला हात लावला आणि हुबेहूब सासूबाईंच्या आवाजात म्हणाली, "हात आवरा जावईबापू! नाही तर उद्यापासून पुन्हा मुगाचं पाणी!"

महाराजांचा हात जागीच थबकला. चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेब खो खो हसल्या, आणि मग महाराजांचं पोट जे हलायला लागलं, ते थांबेचना. हसता हसता त्यांनी खांद्यावरचा शेला काढून म्हाळसाच्या अंगावर घातला, बहुरूप्यांना संस्थानभर सोंगांची कायमची मोकळीक दिली, सटवाजीला घराजवळची आमराई दिली आणि आचाऱ्याला ओरडून सांगितलं, "आज सगळ्यांना पुरणपोळी! आधी मला!"