माघारीचा गूळ

तुम्ही ज्या कातळावर पाठपिशव्या टेकवल्यात, तो देव नाही. पुष्कळांना वाटतं, शेंदूर नाही तरी काहीतरी ठाणं असेल, म्हणून चपला काढतात. काढायची गरज नाही. तो नुसता कातळ आहे. त्याच्यावरचा काळा थर गुळाचा आहे; पिढ्यान्‌पिढ्या इथं गूळ फोडला जातो, म्हणून मुंग्या हटत नाहीत. पण घाट उतरून पार झालेल्याला इथला गूळ मिळत नाही. अर्ध्या वाटेवरून परत आलेल्यालाच मिळतो. तो का, ते ऐका. उतरायचं की नाही ते मग ठरवा.

ही समोर उघडते ती नाळ. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे धोंडे, आणि सगळ्या डोंगराचं पाणी यायला हीच एक वाट. पूर्वी गावची माणसं हिरडा आणि मध डोक्यावर घेऊन हिच्यातून कोकणात उतरायची आणि मीठ घेऊन वर यायची. दिवाळी सरली की घाट मोकळा व्हायचा. पण कार्तिकातही समुद्राकडून कधी अवचित वादळ उठतं. त्याची खूण अशी, की वर लख्ख ऊन असतं, वारा पडतो आणि ढग खालून, दरीतून वर चढायला लागतो. नाळेच्या मध्यावर एक सपाट जागा आहे, तिला ओटा म्हणतात. ओट्यावर उभं राहून खाली बघायचं आणि पुढं जायचं की फिरायचं ते तिथंच ठरवायचं. ओटा सोडला की माघार नाही.

त्या काळी सोनजी भवारी म्हणून एक वाटाड्या होता. सगळे त्याच्या पावलावर पाऊल ठेवून उतरायचे. त्याची थोरली बहीण गंगूआक्का गावातच दिलेली, येसू धिंदळ्याला. आक्का मोठी बोलकी, हजरजबाबी. तिनं एखाद्याला नाव ठेवलं की ते त्याला जन्मभर चिकटायचं, असं सांगतात. मीठ घेऊन वर आलेल्यांना गूळ-पाणी द्यायचा मानही तिचाच होता.

एका वर्षी सोनजी पहिलीच फेरी घेऊन निघाला. ओट्यावर पोचला तर खालून ढग चढताना दिसला. त्यानं सगळ्यांना माघारी फिरवलं. माणसं ओझ्यासकट वर आली, आणि दुपारी आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं. थेंब पडला नाही.

गाव हसलं. कुणी वाईट बुद्धीनं हसलं नाही. रिकामे हात परत आलेल्याला गाव हसतंच. आक्का पाणवठ्यावर म्हणाली, "माझ्या भावाला ढग बघूनच पडसं होतं." संध्याकाळी तिनं हिरव्या बांगड्यांचा चुडा दोऱ्यात ओवून सोनजीच्या दाराला बांधला. सोनजी बाहेर आला, चुडा बघून तोही हसला म्हणे. पण तो त्यानं काढला नाही. तसाच राहू दिला.

थोड्या दिवसांनी फेरी पुन्हा निघाली. या खेपेला येसूही बरोबर होता. ओट्यावर पोचले तेव्हा वारा पडलेला, दरीत दूध ओतल्यासारखा ढग. येसूनं भार टेकवला आणि मेव्हण्याला म्हणाला, फिरू या.

सोनजीनं खाली बघितलं. मग म्हणाला, "दाजी, मला दिसतंय. पण आज फिरलो तर दारातनं आत कसा जाऊ?"

एवढंच बोलला आणि उतरायला लागला. तो उतरला म्हणून त्याच्या मागचा गडी, हैबती, उतरला. हैबती उतरला म्हणून बाकीचे. प्रत्येकाला ढग दिसत होता आणि प्रत्येकाला मागल्या खेपेचं गावाचं हसू ऐकू येत होतं. एकटा येसू तेवढा फिरला.

दुपारनंतर पाऊस कोसळला. नाळेतून पाण्याबरोबर धोंडे गडगडत गेल्याचा आवाज घराघरात ऐकू आला. लोक म्हणाले, सोनजी शहाणा आहे, पाऊस यायच्या आत कोकणात पोचला असेल. आक्काही तसंच म्हणाली. सकाळी पाऊस उणावला, तशी ती पाणी किती आहे ते बघायला इथं वर आली. पदरात सवयीनं गूळ बांधलेला होता.

या कातळाला लागून, करवंदीच्या जाळीत, तिला तिचा नवरा बसलेला दिसला. अंगावर कोरडा धागा नाही, ओठ निळे, आणि भार अजून डोक्यावर. काल दुपारपासून तो तिथंच होता. इथून गावातलं पहिलं घर दिसतं, तुम्हालाही दिसतंय. हाक मारली तर ऐकू जाईल, चुलीचा धूर दिसेल, इतकं जवळ. तो अख्खी रात्र त्या धुराकडं बघत पावसात बसला होता.

तिला बघून तो उठला नाही. म्हणाला, "मी माघारी आलोय. गावात येऊ का?"

सगळ्या गावाला उत्तर देणारी आक्का पुढं झाली. तिनं पदराची गाठ सोडली. गूळ भिजून चिकट झाला होता. तो तिनं बोटांनी त्याच्या तोंडात घातला आणि भार उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतला. त्याच्या तोंडाकडं बघायचं मात्र तिला धाडस झालं नाही, असं सांगतात.

पाणी ओसरल्यावर गावानं माणसं शोधून आणली. सोनजी सगळ्यांत खाली सापडला. उतरलेल्यांतलं कुणीच जिवंत वर आलं नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर आक्का भावजयीच्या दारात गेली. चुडा अजून तिथंच लटकत होता. तिनं तो सोडला आणि राहीचे, सोनजीच्या बायकोचे, पाय धरायला वाकली. राहीनं तिला मधेच धरलं.

"नको आक्का," ती म्हणाली. "मी पण हसले होते."

मग एकेक बाई, एकेक बाप्या तेच बोलला म्हणे. हसला नव्हता असा गावात कुणी निघाला नाही. कुणाला शिक्षा देणार आणि कोण देणार? तेव्हापासून आक्का घाट वाहता असेपर्यंत रोज या कातळावर येऊन बसायची. पार जाऊन मीठ आणणाऱ्यांना गूळ द्यायचा मान तिनं सोडला. पुढं एकदा परगावचे काही व्यापारी ओट्यावरून फिरून आले. ओशाळून काहीबाही सांगत होते, कुणाचा पाय मुरगळलाय, कुणाला ताप आहे. आक्कानं त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. गूळ दिला, पाणी दिलं आणि गावात जेवायला नेलं. का फिरलात, हे आमच्या गावात विचारत नाहीत ते तेव्हापासून.

तुमच्या मोबाइलवर दुपारनंतर पाऊस दाखवतोय म्हणालात. असेल, नसेल. तुम्ही ओट्यापर्यंत जा, खाली बघा, वारा आहे का ते बघा. फिरावंसं वाटलं तर फिरा. नंतर ऊन पडलं तरी काही बिघडत नाही.

आजही कुणी माघारी आलं की गावातली कुणीतरी बाई गूळ घेऊन या कातळापाशी येते. गूळ देताना ती मान खाली घालून उभी राहते, वर बघत नाही. पाहुण्यांना वाटतं, खेड्यातली बाई आहे, लाजते. तसं नाही. तुम्ही गूळ घ्या आणि ताठ मानेनं गावात या. मान खाली घालायची पाळी आमची आहे.