पाच भोकांची भाकरी

वरखेडीच्या बोडक्या टेकडीवर गोणपाट महाराज राहत असत. पांघरायला गोणपाट, अंथरायला गोणपाट. एखाद्या भक्ताने भरजरी शाल घातलीच, तर दुसऱ्या दिवशी ती मठातल्या गाढवाच्या पाठीवर दिसे. महाराज बोलत फार कमी. कितीही मोठं संकट सांगा, महाराज म्हणत, “बघू.” संकट टळलं की भक्त म्हणत, महाराजांनी बघितलं. टळलं नाही तर म्हणत, महाराज अजून बघताहेत. मठाचा नियम एकच होता: जवळ भाकरी असेल आणि कुणी मागितली, तर नाही म्हणायचं नाही.

टेकडीवर पाणी मात्र नव्हतं. दरवर्षी भंडाऱ्याला तीन हजार माणूस जेवे, आणि त्यासाठी खालच्या विहिरीवरून पाणी वर न्यायची सेवा गेनबा दुधाळाची. गेनबाच्या वडिलांनी एका सरकारी लिलावात दोन चाकांची जुनी लष्करी ट्रॉली घेतली होती, तिच्यावर पाण्याची टाकी बसवली होती. वडील गेले, ट्रॅक्टर दोनदा बदलला, ट्रॉली तीच राहिली. जाताना वडील घराबद्दल बोलले नाहीत की शेताबद्दल. “महाराजांचं पाणी चुकवू नको,” एवढंच म्हणाले.

त्या वर्षी भंडारा शुक्रवारी होता. सोमवारी पहिली खेप वर पोहोचली आणि मठाच्या दाराशीच ट्रॉली कण्हली. दोन्ही चाकांच्या डिस्क, म्हणजे टायरला पोटाशी धरणाऱ्या लोखंडी थाळ्या, बोल्टांच्या भोकांपाशी तडकल्या होत्या. टायर धड, टाकी धड, चाक ज्याच्यावर बसतं तो हबही धड. फक्त दोन डिस्क हव्या होत्या.

“दोन तर डिस्क,” गेनबा बायकोला म्हणाला. “तालुक्याला जातो नि दुपारी जेवायला येतो.”

तो मंगळवारी गेला आणि बुधवारी संध्याकाळी आला, उपाशी.

हबाला पाच बोल्ट होते. बाजारात डिस्क होत्या सहा भोकांच्या आणि आठ भोकांच्या. पाच भोकांची निघाली ती जीपची, तिचं मधलं भोक इतकं लहान की हबाचं नाकसुद्धा आत जाईना. एक दुकानदार म्हणाला, हब बदला. दुसरा म्हणाला, हब बदलता तर अॅक्सल बदला. तिसरा म्हणाला, त्यापेक्षा ट्रॉलीच बदला. चौथ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की आपलं दुकान पंपाचं आहे. गेनबाने कागदावर काढून नेलेलं माप पहिल्याच दिवशी एका कारागिराने ग्रीसचे हात पुसायला घेतलं. मग उरलं घरूनच बरोबर आणलेलं दोरीचं माप. दोरी ओढली तशी लांब होते हे गेनबाला सहाव्या दुकानात कळलं.

शेवटी तो ढवळे ट्रॅक्टर स्पेअर्समध्ये गेला होता. आप्पासाहेब ढवळे या दुकानाचे मालक आणि भंडारा समितीचे अध्यक्ष. ते फाटकाशी, ओट्यावरच्या एका गोल पत्र्याला टेकून उभे होते. फाटकाच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या ओट्यावर असे दोन गोल पत्रे झळकत होते. एकावर ‘सु’ आणि दुसऱ्यावर ‘स्वागतम्’.

“पाच बोल्ट?” आप्पासाहेब हसले. “अरे गेनबा, असली डिस्क अख्ख्या जिल्ह्यात नाही. मी सांगतो म्हणजे नाही! आणि तुला तसदी कशाला? माझा नवा टँकर तयार आहे.”

टँकर खरोखरच तयार होता. त्याच्यावर पाण्याला जागा होती तितकीच आप्पासाहेबांच्या नावालाही होती. यंदापासून पाण्याची सेवा ढवळ्यांकडे, असा फलकही रंगवून झाला होता.

बुधवारी रात्री भंडाऱ्याच्या तयारीला सगळे मठात जमले, तेव्हा गेनबाचा धीर सुटला.

“महाराज, बावीस दुकानं झाली. आता तुम्हीच सांगा, कुठल्या दारात जाऊ?”

“बघू,” महाराज म्हणाले.

“बघू नका, महाराज! परवा भंडारा आहे!” गेनबा ओरडला, आणि ओरडल्यावर स्वतःच घाबरला.

महाराजांना राग आला नाही. ते उठले, ट्रॉलीपाशी गेले, उघड्या हबावर हात ठेवला. “माप भाकरीवर घे. कागदाला लोक हात पुसतात. भाकरीला पुसत नाहीत.”

आप्पासाहेबांना हसू आवरेना. “महाराज, भाकरी तव्यावर आकसते! असल्या मापाने चाक मिळालं, तर मी ते पायथ्यापासून डोक्यावर घेऊन येईन. सगळ्यांसमक्ष सांगतो.”

“बरं,” महाराज म्हणाले.

गुरुवारी सकाळी गेनबाची बायको कौतिकाबाई परात घेऊन टेकडी चढल्या. गेनबाने हब साबणाने तीनदा धुतला होता.

“तीस वर्षं भाकऱ्या थापतेय,” त्या म्हणाल्या, “पण लोखंडाला जेवू घालायची वेळ आली नव्हती. अहो, धरा नीट! कड फाटतेय.”

“धरलंय.”

“ते धरणं आहे होय? असं धरतात का भाकरीला?”

ज्वारीची जाड भाकरी हबावर दाबली. मध्ये एक मोठं भोक पडलं, भोवती पाच लहान. मठाच्या चुलीवर ती भाजली. भाकरी तव्यावर आकसते, हे कौतिकाबाईंनाही मान्य होतं. त्यांनी ती फडक्यात बांधली आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

त्या दिवशी तालुक्याच्या बाजाराला जो आनंद झाला, तो दिवाळीलाही होत नसेल. गेनबा दुकानात शिरे, फडकं सोडी, आणि आतून विचारणा होई, “कालवण कुठाय?” एकाने ‘पाच बोल्टाची भाकरी’ म्हणून सगळ्या गल्लीला हाक मारली. दुसऱ्याने गंभीरपणे सल्ला दिला की बाजरीची केली असती तर ट्रकला बसली असती. गेनबा प्रत्येकाला तेच सांगत होता, पाच बोल्ट, मध्ये मोठं भोक, आणि मनात महाराजांशी भांडत होता. आजवर मागितलं काय तुमच्याकडे? पोरीच्या लग्नाला नाही मागितलं. आज दोन लोखंडी थाळ्या मागितल्या, तर हातात भाकरी!

दुपारी तीनला तो पुन्हा ढवळ्यांच्या फाटकापाशी आला. आत जायचं धाडस होईना. फाटकाच्या मागच्या बाजूला, ओट्याला पाठ लावून, म्हातारा रखवालदार सांडूमामा बसला होता. गेनबा त्याच्या शेजारी टेकला.

“भाऊ,” सांडूमामा म्हणाला, “फडक्यात भाकरी हाये का? सकाळधरनं पोटात काही नाही. डबा घरीच राह्यला.”

गेनबाने डोळे मिटले. भंडारा उद्यावर, माप हे एकच, आणि दुसरी भाकरी थापून आणीपर्यंत दुकानं बंद. नाही म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. मग वडिलांचा चेहरा आठवला, मठाचा नियम आठवला.

“घे,” तो म्हणाला. त्याचा आवाज काही प्रेमळ नव्हता. “घे बाबा. तूच राहिला होतास.”

सांडूमामाने अर्धी मोडली, एक घास घेतला, आणि उरलेली डोळ्यांसमोर धरली.

“भाऊ, ही तर माझी खुंटाळी!”

“काय?”

“आरं, हे बघ ना.” म्हातारा मागे वळला. ‘सु’ लिहिलेला पत्रा पुढून चकाकत होता. मागच्या अंगाला गंजलेली लोखंडी थाळी होती, जिच्यावर तो पत्रा ठोकला होता. तिच्या पाच भोकांत तारेचे पाच आकडे अडकवलेले. एकाला सांडूमामाची पिशवी, एकाला मफलर, एकाला शिटी, एकाला पंचा, एकाला कंदील. “अकरा वर्सं हितं सामान टांगतो. सहावं भोक असतं तर छत्रीबी टांगली नसती का?”

गेनबाने अर्धी भाकरी त्या थाळीवर धरली. तीन भोकं तीन भोकांवर बसली. केसाचाही फरक नाही! कशी आकसली नाही भाकरी? ते महाराजांना विचारावं, तर महाराज ‘बघू’ म्हणतात.

गलका ऐकून आप्पासाहेब बाहेर आले. पाठोपाठ गिऱ्हाइकं आली, समोरची दुकानं आली. “काय लावलंय?” त्यांनी दरडावलं.

“साहेब, ह्यांची चाकं आपल्या फाटकात हायेत,” सांडूमामा तोंडातल्या घासासकट म्हणाला. “दोन्ही.”

आप्पासाहेब वाकले, बघितलं, मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्यांना आठवलं. त्याच लिलावात त्यांच्या वडिलांनी जास्तीची दोन चाकं घेतली होती आणि फाटक बांधताना शोभेला लावली होती. जिल्ह्यात नाहीत म्हणून त्यांनी सांगितलं होतं, तेही याच चाकाला टेकून.

“फाटकाला हात लावू नका,” एवढं ते बोलले. पण बाजार बघत होता, आणि बुधवारचं बोलणं बाजाराला पाठ होतं. छिन्नी-हातोडा त्यांच्याच दुकानातून आला. तोवर सांडूमामाने पुरावा खाऊन संपवला होता.

दिवस कलताना बोडक्या टेकडीची वाट आप्पासाहेब ढवळे चढले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डिस्क, आणि डिस्कवर अजून तो ‘सु’. मागे दुसरी डिस्क खांद्यावर घेऊन गेनबा. अर्ध्या वाटेवर गेनबा म्हणाला, “आप्पासाहेब, द्या इकडे. मी दोन्ही नेतो.”

“नको,” आप्पासाहेब म्हणाले. दम लागला होता. “बोललो होतो मी.”

मठापाशी महाराज उभे होते. त्यांनी ना टोमणा मारला, ना शाबासकी दिली. “जड आहे?” एवढंच विचारलं.

“टेकलो होतो तेव्हा नव्हतं, महाराज.”

पत्रे काढले, टायर चढवले, पहिलं चाक हबावर लावलं. हातोडा लागला नाही, पहार लागली नाही. पाची बोल्ट पाची भोकांतून असे बाहेर आले, जशी लेकरं हाक मारल्यावर दारात येतात! कौतिकाबाईंनी परातीवर हात जोडले.

गेनबाने पाना उचलला. आप्पासाहेबांनी तो त्याच्या हातातून घेतला. वरचे नट त्यांनी उभ्यानेच आवळले, मधले गुडघ्यावर बसून. शेवटचा नट राहिला अगदी खाली, आणि त्याच्यापुढेच, हातभर अंतरावर, महाराजांचे धुळीने भरलेले पाय.

चाक जॅकवर होतं. नुसतं फिरवलं असतं, तर खालचा नट वर आला असता, वाकावं लागलं नसतं. चाळीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं.

आप्पासाहेबांनी चाक फिरवलं नाही.