बॅटरीमावशीच्या पायाशी

यंत्रांची भाषा पंचक्रोशीत माझ्याइतकी कोणाला कळत नाही. माणसांची मात्र चौथी दोनदा करूनही कळली नाही, ते सोडा.

तर फार मागे, हणमंतअण्णांच्या दुरुस्तीच्या टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता. "संध्याकाळपर्यंत चालू झाला नाही, तर बोर्ड भंगारात," असं बजावून अण्णा चहाला गेले.

बोर्डावरच्या चिपा थरथरल्या. कोपऱ्यात बॅटरीमावशी बसली होती. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणारी, म्हणून तिचा मान मोठा. दर खंडेनवमीला टेबलावरची हत्यारं पहिलं हळदकुंकू तिलाच वाहत. तिच्या पायाशी हिरवट भुकटी साचली होती. हळदीला बुरशी आली असेल, असं सगळे समजत.

"ती मोठी चिप नासकी आहे, उपटा तिला," मावशी म्हणाली. सोल्डरिंगचा दांडा लगेच धावला. पुढारीच तो, डोक्याआधी त्याचं नाक तापायचं.

"थांब रे तापट्या!" वीज तपासणारा मीटर ओरडला आणि त्याने बोर्डावरची तांब्याची एकेक वाट तपासली. तांबं धड असेल तिथे तो "टूंऽ" करी. मावशीच्या पायाशी मात्र त्याची वाचाच बसली. भुकटी खरवडली, तर खालचं तांबं खाऊन फस्त! दांडा जागच्या जागी गार पडला.

"मावशी, तुम्ही? अहो, आम्ही तुम्हाला देव मानलं!" मीटर म्हणाला.

"मानलंत ना? मग दर वर्षी पायाशी कुंकू टाकताना एकदा तरी वाकून बघायचं होतं, ही म्हातारी गळतेय की काय ते!"