जिभेला कळेपर्यंत

जनावरं आपलं दुःख एकमेकांना बोलून दाखवत, त्या काळातली ही गोष्ट. चंद्री नावाची एक म्हैस होती. फार हळवी, कुणी दुधाची कासंडी जरा जोरात आपटली तरी पान्हा चोरायची. तिचं पहिलंच पारडू मेलं, तेव्हा तिनं वैरण सोडली. दुधानं कास दगडासारखी झाली, पण धार काही येईना.

मालकानं रीतीप्रमाणे मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरला आणि ते तिच्यापुढे उभं केलं. चंद्रीनं हुंगलं. मग ती सावकाश चाटू लागली, मानेपासून शेपटीपर्यंत. चाटता चाटता तिचा श्वास संथ झाला, अंगाची थरथर थांबली आणि पान्हा सुटला. "फसली बिचारी," म्हणत मालक धार काढायला बसला.

काही दिवसांनी शेजारच्या दावणीची मोरी म्हैस फणकारली, "अगं खुळे, पेंढा आहे तो!"

"मला पहिल्याच दिवशी कळलं," चंद्री म्हणाली. "पण माझ्या जिभेला अजून कळलेलं नाही. तिला एकदम सांगितलं, तर मी जगायची नाही गं."

ती रोज चाटत राहिली. केस झडले, कातडं विरलं. एका सकाळी तिच्या तोंडात पेंढ्याची काडी आली.

चंद्री थांबली. ती काडी तिनं बराच वेळ चावलीही नाही, टाकलीही नाही.

"कळलं," ती म्हणाली, आणि पारडू गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं हंबरडा फोडला.

त्या दिवशी मोरीनंही वैरणीला तोंड लावलं नाही.